पडद्यामागचं नाटक पडद्यापुढे आणायचं तर

अमळनेरच्या एका हौशी गटातल्या मुलाने मला विचारलंय: "ताई, आम्ही नऊ जण आहोत. नाटक उभं राहताना पडद्यामागे जे चालतं, त्यावरच नाटक करायचं मनात आहे. असं आधी कुणी केलंय का? आपल्याकडच्या प्रेक्षकाला ते कळेल का? आणि तालुक्याच्या हॉलमध्ये, जिथे सेट फिरवायची काही सोय नसते, तिथे ते जमेल का?"

जमेल, आणि प्रेक्षकाला कळेलही. तीसेक वर्षं मी जळगावात हेच काम करते आहे. सुरुवातीला प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू सांभाळल्या, मग पडदा, मग प्रॉम्प्टिंग, म्हणजे आडून नटांना संवाद सुचवणं, आणि पुढे सगळीच रंगमंच व्यवस्था. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर जरा लांबेल.

आधी मुद्द्याचं सांगते. पडद्यामागचं नाटक लिहायला बसण्याआधी पडद्यापुढचं नाटक लिहा. वीस मिनिटांचं असलं तरी चालेल, पण ते पूर्ण असू द्या. ते बसवा, पाठ करा, त्याची रंगीत तालीम करा. मागच्या बाजूला हात लावायचा तो त्यानंतर. पुढे काय व्हायला हवं हे प्रेक्षकाला पक्कं ठाऊक असेल, तरच मागची धावपळ त्याच्या जिवाला लागते. ते ठाऊक नसेल, तर त्याला नुसती इकडून तिकडे पळणारी माणसं दिसतात.

हे मला कधी उमगलं ते सांगते. धुळ्याकडच्या एका गावी आमचा प्रयोग होता. दुसऱ्या अंकात नायिका टेबलाच्या खणातून भावाचं पत्र काढते आणि वाचते. पत्र चांगलं पानभर. हातात धरून वाचायचंच आहे, म्हणून तिने ते कधी पाठ केलं नव्हतं. आमच्याकडे प्रॉपर्टीच्या टेबलावर पांढरा कागद अंथरायची पद्धत आहे. त्यावर प्रत्येक वस्तू ठेवून पेनाने तिची कड आखायची: चष्म्याची कड, कपबशीची कड, किल्ल्यांच्या जुडग्याची कड. आत नाव लिहायचं. वस्तू गेली की कागदावर रिकामा आकार उरतो, आणि काय स्टेजवर आहे, काय मागे आहे ते अंधारातही एका नजरेत कळतं. त्या दिवशी अंक सुरू होऊन पाच मिनिटं झाल्यावर मी टॉर्च मारला, तर 'पत्र' लिहिलेला चौकोन भरलेला होता. पत्र माझ्यासमोर, आणि स्टेजवरचा खण रिकामा.

नोकराची चहा घेऊन एंट्री होती, पण ती पत्र वाचून झाल्यानंतर. तो मुलगा विंगेत, म्हणजे स्टेजच्या बाजूच्या आडोशाला, ट्रे धरून उभा. मी पत्र त्याच्या ट्रेमध्ये बशीखाली सरकवलं आणि कानात म्हटलं, "मी ढकलेन तेव्हा जा. टपाल आलं म्हण." एवढ्यात तिने खण उघडला. विंगेतून मला फक्त तिची पाठ आणि उजवा खांदा दिसत होता. हात खणात गेला आणि तिथेच राहिला. खांदा हलेना. मी त्या मुलाला ढकललं. तो शांतपणे आत गेला, ट्रे ठेवला, "ताईसाहेब, हे टपाल आत्ताच आलंय" म्हणाला आणि परत आला. तिने पत्र घेतलं, उघडलं, आणि वाचायला लागली. तिचा पहिला शब्द ऐकू आला तेव्हा कुठे मला माझ्या हातातला टॉर्च चालूच असल्याचं दिसलं.

प्रेक्षकांना यातलं काहीच कळलं नाही, आणि प्रयोगात ते तसंच व्हायला हवं. पण हाच प्रसंग तुम्हाला नाटकात दाखवायचा असेल, तर प्रेक्षकाने आधी एकदा तो खण, ते पत्र आणि तिचं रडणं नीट पाहिलेलं हवं. मग दुसऱ्यांदा विंगेकडून पाहताना टेबलावरचा भरलेला चौकोन दिसला की कुणी काही न सांगता सगळा हॉल श्वास रोखेल.

मायकेल फ्रेन या इंग्रज नाटककाराचं 'नॉइजेस ऑफ' (१९८२) याच पायावर उभं आहे. १९७० मध्ये स्वतःच्याच एका फार्सचा प्रयोग ते विंगेतून बघत होते, आणि समोरून दिसतं त्यापेक्षा मागून ते जास्त गमतीचं आहे असं त्यांना वाटलं. त्यातून हे नाटक झालं. त्याची रचना ऐका. एक फिरती नाटक मंडळी 'नथिंग ऑन' नावाचा फार्स करते आहे. त्या फार्सचा पहिला अंक आपल्याला तीनदा दिसतो. आधी उद्घाटनाच्या आदल्या रात्रीची रंगीत तालीम, समोरून. मग महिन्याभराने दुपारचा प्रयोग, पण आता अख्खा सेट उलटा फिरवलेला: आपण मागच्या बाजूला आहोत आणि फार्स पलीकडे चालू आहे. शेवटी दौऱ्याच्या अखेरचा प्रयोग, पुन्हा समोरून. एव्हाना माणसांचं आपसात इतकं फाटलेलं असतं की एकही गोष्ट जागेवर पडत नाही. मधल्या भागात पुढचा प्रयोग चालू असल्यामुळे मागे कुणाला मोठ्याने बोलता येत नाही, म्हणून तिथलं बहुतेक भांडण मुक्यानेच चालतं. सार्डिन माशांच्या बश्या आणि दारं, एवढ्यावर ते सगळं तोललेलं आहे. कुठली बशी कुठे राहायला हवी हे पहिल्या भागात तालमीच्या निमित्ताने दिग्दर्शकाने घोकून घेतलेलं असतं, म्हणून प्रेक्षकालाही ते पाठ झालेलं असतं. माझ्या मते त्या नाटकाची खरी ताकद या घोकंपट्टीत आहे. पुढची पडझड तिच्यावरच चालते.

हे सगळं परदेशातूनच आलंय असं समजू नका. कालिदासाचं शाकुंतल सुरू होतं तेच मुळी नेपथ्याकडे पाहून. सूत्रधार आत डोकावून नटीला म्हणतो, तुझी आतली तयारी झाली असेल तर इकडे ये. मग ती ग्रीष्मावर एक गाणं म्हणते, आणि तो त्यात इतका रंगतो की आज कुठलं नाटक करायचं ठरलंय हेच विसरतो. नटी त्याला आठवण करून देते. मला ती नटी नेहमी प्रॉम्प्टर वाटते. पुढे हर्षाच्या 'प्रियदर्शिका' नाटकात राजवाड्यात एक नाटक बसवलेलं असतं. त्यात राजाची भूमिका राणीच्या परिवारातली एक मुलगी करणार असते, आणि ऐनवेळी तिच्या जागी खरा राजाच उभा राहतो. राणी समोर बसून बघते आहे. बदली नट आला की आपल्या पोटात जो गोळा येतो, तोच तिथे आहे.

'नेपथ्य' या शब्दाचंच बघा. संस्कृतात तो वेशभूषेला आणि कपडे घालायच्या खोलीला होता. आज आपण स्टेजवर जे उभं केलंय त्याला नेपथ्य म्हणतो. मागचा शब्द चालत चालत पुढे आला. नाट्यशास्त्रात मध्यम आकाराचं आयताकृती नाट्यगृह सांगितलंय, ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद. त्यातलं निम्मं प्रेक्षकांना. उरलेल्या निम्म्याचे पुन्हा दोन भाग, पुढचा रंगमंचाला आणि मागचा नेपथ्यगृहाला. म्हणजे इमारतीचा पाव हिस्सा मागच्या माणसांचा. आपल्याकडे सभागृह म्हणून जी बांधली जातात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मागच्या पडद्यामागून एका माणसाला आडवं होऊनच जावं लागतं. जी सभागृहं भाषणांसाठी बांधली, त्यांत नाटकवाल्यांची ही अडचण कुणाला आठवणार? मला याचं फार वाईट वाटतं, पण तुमच्या नाटकात ही अडचण कामी आणा. दोन नटांना एकमेकांना ओलांडून जाता येत नाही, आणि त्या दोघांचं तीन दिवस बोलणं बंद आहे, एवढ्यावर एक प्रवेश उभा राहतो.

नऊ जणांत, कमी खर्चात करायचं तर आधी 'शांतता! कोर्ट चालू आहे' पुन्हा वाचा. तेंडुलकरांचं हे नाटक १९६७ मध्ये अरविंद देशपांड्यांनी बसवलं आणि सुलभा देशपांड्यांनी बेणारे ही नायिका केली. आपण ते बेणारेचं नाटक म्हणून लक्षात ठेवतो, ते बरोबरच आहे. पण त्याचा सांगाडा बघा: मुंबईची एक हौशी मंडळी रात्रीच्या प्रयोगासाठी एका गावात आलेली आहे, एक नट कमी पडलाय, गावातल्या सामंतला ऐनवेळी साक्षीदार म्हणून उभं करायचंय, आणि त्याला खटला कसा चालतो हे कळावं म्हणून गंमत म्हणून एक खोटा खटला सुरू होतो. म्हणजे अख्खं नाटक प्रयोगाआधीच्या रिकाम्या वेळात घडतं. आणि सुरुवातीलाच दाराच्या कडीची जी किरकोळ गोष्ट येते, तिचं पुढे काय होतं ते बघा. बेणारेला बाहेर पडायचं असतं आणि दार उघडत नाही. मी हे नाटक केलं तेव्हा आम्ही सुताराकडून ती कडी तीनदा बदलून घेतली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे, पण ठोकल्यासारखा वाटता कामा नये. पहिल्या अंकात प्रेक्षकाच्या कानात ती कडी बसली नाही, तर पुढे बंद दार म्हणजे नुसतं बंद दार राहतं.

दोनच नट मिळाले तर चेखवची 'हंसगीत' ही छोटी नाटिका आहे, १८८७ ची. प्रयोग संपल्यावर पिऊन झोपलेला ६८ वर्षांचा विनोदी नट मध्यरात्री रिकाम्या थिएटरात जागा होतो. तिथे त्याला भेटतो तो म्हातारा प्रॉम्प्टर. त्याला राहायला जागा नाही, म्हणून तो चोरून थिएटरातच झोपतो. नट जुन्या भूमिका आठवू लागतो आणि प्रॉम्प्टर त्याला साथ देतो. चेखवचं मूळ लेखन आता हक्कमुक्त आहे, त्यामुळे रूपांतर तुम्हीच करा. कुणाचं तयार भाषांतर घेतलंत, तर मात्र त्या भाषांतरकाराची परवानगी लागेल.

रोनाल्ड हारवुडचं 'द ड्रेसर' (१९८०) मोठं आहे, पण ते वाचाच. हारवुड स्वतः तरुणपणी डोनाल्ड वुल्फिट या नटाचे ड्रेसर होते, म्हणजे त्यांचे कपडे, रंगरंगोटी, निरोप, चहा, सगळं बघणारे. नाटकात महायुद्धाचा काळ आहे, १९४२ ची एक रात्र. मंडळीचा म्हातारा प्रमुख नट खचलेला आहे, त्याला आज शेक्सपिअरचा राजा लिअर करायचाय, आणि नॉर्मन नावाचा त्याचा ड्रेसर त्याला कसंबसं उभं करतो. लिअरमधल्या वादळाच्या प्रवेशात आपण विंगेत असतो, आणि तिथली माणसं जिवाच्या आकांताने वादळ तयार करत असतात.

तो भाग वाचताना मला आमच्या पत्र्याची आठवण झाली. आता विजेचा कडकडाट लॅपटॉपवर एका बोटाने होतो. पूर्वी विंगेत वरून दोराने पत्रा टांगलेला असायचा. खालची कड दोन्ही हातांनी धरायची आणि मनगटं ढिली ठेवून हलवायची. ताठ हातांनी हलवला तर नुसता खडखडाट येतो, गडगडाट येत नाही. पावसाला सुपात ज्वारी. सूप फिरवायचं, आपटायचं नाही. तुमच्या नाटकात आवाज असेच हाताने काढा. लॅपटॉपची कळ दाबणारा माणूस बघायला प्रेक्षकाला काही मिळत नाही. पत्रा हलवणाऱ्याचा घाम मात्र त्याला दिसतो, आणि त्याच वेळी पलीकडून "केवढी ही वीज!" असं घाबरलेलं वाक्य ऐकू आलं की दोन्ही बाजू एकदम डोळ्यांपुढे उभ्या राहतात.

आता सेट फिरवण्याचं. फिरता रंगमंच नाही म्हणून अडू नका. आपले फ्लॅट म्हणजे लाकडी चौकट आणि त्यावर ताणलेलं कापड. त्यांची मागची बाजू तशीच दाखवा: उघड्या पट्ट्या, खिळे, खडूने लिहिलेलं 'डावा २', 'खिडकी', मागून लावलेले टेकू, म्हणजे ब्रेस, आणि त्यावर ठेवलेली वजनं. रंगवून 'मागची बाजू' तयार करायला जाऊ नका, आहे तीच पुरते. मध्यंतरात चार जणांनी फ्लॅट उचलून उलटे लावले की झालं. फक्त दोन गोष्टी आधी कराव्या लागतील. एक, दारं. समोरून आत उघडणारं दार उलटं केलं की बिजागरी दुसऱ्या हाताला जाते आणि नट चुकीच्या बाजूला हात घालतो. दुसरी, डावं-उजवं. पुढच्या नाटकातली प्रत्येक हालचाल आता आरशात बघितल्यासारखी उलटी होते. त्यासाठी गच्चीवर किंवा शाळेच्या मैदानात चुन्याने सेटची आखणी करा, अर्ध्या गटाला पुढचं नाटक करायला लावा आणि उरलेल्यांना पलीकडून बघायला बसवा. मग अदलाबदल. आठ दिवस एवढंच करा.

आणि पुढचे संवाद रेकॉर्ड करून वाजवू नका. ते मागून, प्रेक्षकाकडे पाठ करून, खरे बोलले गेले पाहिजेत, आवाज थोडा खाली ठेवून. रेकॉर्ड थांबत नाही आणि माणूस थांबतो, त्यामुळे दोन्हींचा मेळ दुसऱ्याच मिनिटाला सुटतो. वहीत प्रत्येक पानावर उभी रेघ मारा: डावीकडे पुढचा संवाद, उजवीकडे त्याच क्षणी मागे कुणाचा हात काय करतोय ते. ज्या ओळीसमोर उजवीकडे काही नाही, तिथे तुमचा प्रेक्षक भटकणार.

आपल्याकडच्या प्रेक्षकाबद्दल विचारलंत. त्याला सगळ्यात लवकर कळेल. तमाशात सुरत्ये, म्हणजे साथीचे गायक, मागे उभे राहून, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झील धरतात, म्हणजे गाण्याला सूर देतात. सारंगखेड्याच्या यात्रेत तमाशाच्या राहुटीच्या फटीतून आत बघणारी पोरं मी पाहिली आहेत. आत तयारी चाललेली असते, आणि पोरांचं निम्मं कुतूहल तिथेच असतं. मागचं बघायची ओढ इथे आधीपासूनच आहे.

आणि खानदेशी माणसाच्या हातात एक गोष्ट अशी आहे, जी त्या इंग्रज नाटकांत असूच शकत नाही. आपले नट स्टेजवर पुस्तकी मराठी बोलतात आणि विंगेत पाय पडताक्षणी अहिराणीत येतात. स्टेजवर "महाराज, शत्रू वेशीपाशी येऊन ठेपला आहे," आणि आत आल्या आल्या "आरे भो, मनी तलवार कोठे शे?" हे आपण रोज ऐकतो, पण स्टेजवर कधी आणत नाही. तुमचं मागचं नाटक अहिराणीत होऊ द्या, आणि ते हसवण्यापुरतं वापरू नका. ज्याला पुढे प्रमाण भाषेत बोलताना जीभ अडते, म्हणून ज्याला कायम पडद्याच्या दोरीवर उभं केलं जातं, असा एक मुलगा आपल्या प्रत्येक गटात असतो. मी अशा तिघांना ओळखते. त्यातल्या एकाला सगळ्यांचे सगळे संवाद पाठ होते, आणि तो ते विंगेत ओठांतल्या ओठांत म्हणायचा. त्याच्या तोंडी एक मोठा अहिराणी प्रवेश द्या. तुमच्या नाटकाचा नायक तो असू शकतो.

एका गोष्टीपासून मात्र जपा. 'पडद्यामागच्या कलावंतांना मानाचा मुजरा' अशा धर्तीची नाटुकली मी बरीच पाहिली. शेवटी सगळे ओळीने उभे राहतात, एक जण हात जोडून आमचे कष्ट सांगतो, पार्श्वसंगीत वाजतं. हेतू चांगला असतो, पण आमचं काम त्यात कुठेच दिसत नाही. आम्ही बिचारे नाही. पडदा कुठे थांबवायचा यासाठी दोरीला लाल धागा बांधलेला असतो, आणि तो धागा अंधारात तळहाताला लागला की हात आपोआप आवळतो. ही एक कसबाची गोष्ट आहे. ती दाखवा. दया मागू नका, प्रेक्षक आपणहून मान देईल.

कागदपत्रांचं थोडक्यात: राज्य नाट्य स्पर्धेला जायचं असेल तर लेखकाची लेखी परवानगी आणि संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. संहिता बदलत राहिलात तर ते लांबतं, म्हणून पुढचं नाटक लवकर पक्कं करा. 'नॉइजेस ऑफ' आणि 'द ड्रेसर' हक्काखाली आहेत, विचारल्याशिवाय रूपांतर करू नका.

'द ड्रेसर'च्या शेवटी तो म्हातारा नट प्रयोगानंतर वारतो. त्याने आत्मचरित्राची अर्पणपत्रिका लिहून ठेवलेली असते. नॉर्मन ती वाचतो. प्रेक्षक, मंडळी, प्रॉपर्टीवाले, सुतार, विजेची माणसं, सगळ्यांचे आभार त्यात आहेत. ड्रेसरचा उल्लेख नाही. हा प्रवेश वाचल्यापासून मी आमच्या प्रत्येक प्रयोगाची नावं स्वतःच्या हाताने लिहिते, आणि लिहून झाली की यादी घेऊन हॉलमध्ये एक चक्कर मारते. चहावाला मुलगा, टेम्पोवाला, हॉलच्या चाव्या देणारे काका. दर वेळी एक तरी नाव राहिलेलं सापडतं.

लिहायला बसण्याआधी तुमच्यातल्या एकाला जळगावला पाठवा. पुढच्या महिन्यात आमचा प्रयोग आहे. गाडीने तासाभराचा तर रस्ता. त्याने पडद्याच्या दोरीपाशी उभं राहायचं, स्टेजकडे बघायचं नाही, आणि वहीत फक्त माणसांचे हात काय करतात ते लिहायचं. काळे कपडे घालून या, आणि पायात वाजणारं काही नको.